डोळ्यांतून पाणी वाहतंय, तरी डोळे कोरडे? नुकतंच निदान झालेल्यांसाठी

“तुमचे डोळे कोरडे पडलेत,” असं डॉक्टर सांगत होते तेव्हा मी रुमालाने सारखी डोळे टिपत होते. मला ते पटलंच नाही. कोरडे असते तर एवढं पाणी कुठून आलं असतं? थेंबांची बाटली घेऊन घरी आले, संपली की दुसरी आणली, आणि अशी जवळजवळ दोन वर्षं गेली. मग एका तपासणीत पहिल्यांदाच कुणीतरी माझी खालची पापणी अंगठ्याने हलकेच दाबून पाहिली. कडेच्या बारीक छिद्रांमधून स्वच्छ तेल यायला हवं होतं, तिथून टूथपेस्टसारखा घट्ट पांढरा पदार्थ आला. दुखणं पापणीत होतं आणि मी दोन वर्षं फक्त डोळा ओला करत होते.

ज्यांना हे निदान नुकतंच कळलंय, किंवा डोळे चुरचुरतात पण कारण कळत नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझं सांगणं मुख्यतः एकच: कोरडेपणा कोणत्या प्रकारचा आहे ते आधी शोधा, थेंब नंतर विकत घ्या.

पायरी १ : अश्रू म्हणजे नुसतं पाणी नाही

उघड्या डोळ्यावर अश्रूंचा अगदी पातळ पडदा पसरलेला असतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागांएवढीच. पण आपली नजर स्वच्छ राहते ती त्याच्यामुळे. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे कॉर्नियाला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. त्याला लागणारा प्राणवायू बराचसा या अश्रूंमधूनच पोचतो.

अश्रूंच्या या पडद्यात तीन गोष्टी असतात. डोळ्याला चिकटून एक बुळबुळीत पदार्थ असतो, त्यामुळे पाणी डोळ्यावर घसरून न जाता सारखं पसरतं. त्यावर पाणी असतं, ते मुख्यतः अश्रुग्रंथीतून येतं आणि त्यात क्षार, प्रथिनं, जंतूंशी लढणारे घटक असतात. सगळ्यात वर तेलाचा अतिशय पातळ थर असतो. तो पाण्याला उडून जाऊ देत नाही. हे तेल तयार होतं पापण्यांच्या आत उभ्या रांगेत बसलेल्या ग्रंथींमध्ये. वरच्या पापणीत साधारण २५ ते ४०, खालच्या पापणीत २० ते ३०. जर्मन वैद्य हाइनरिख माइबोम यांनी १६६६ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. हे नाव लक्षात ठेवा, डॉक्टरांच्या तोंडून पुन्हा पुन्हा ऐकाल.

यावरून कोरडेपणाचे दोन मोठे प्रकार होतात. एकात पाणीच कमी तयार होतं. दुसऱ्यात पाणी पुरेसं असतं, पण तेल नीट नसल्याने ते भराभर उडून जातं. हा दुसरा प्रकार जास्त आढळतो, आणि बऱ्याच लोकांमध्ये दोन्ही थोडेथोडे एकत्र असतात.

मग माझ्या डोळ्यांतून पाणी का वाहत होतं? पडदा तुटला की कॉर्नियाच्या नसांना टोचतं, त्या मेंदूला कळवतात आणि अश्रुग्रंथी एकदम पाण्याचा लोट सोडते. कांदा चिरताना येतं तसलंच हे पाणी. ते घाईघाईने आलेलं असतं, नेहमीच्या अश्रूंसारखं टिकत नाही. गालावर ओघळून जातं आणि डोळा पुन्हा उघडा पडतो. वाऱ्यात गेल्यावर किंवा स्क्रीनसमोर बसल्यावर डोळे वाहणाऱ्या अनेकांचं मूळ दुखणं कोरडेपणाच असतं.

आणखी एक गोष्ट समजून घेतली तर पुढचे उपचार आपोआप समजतात. पाणी उडालं की उरलेल्या अश्रूंमध्ये क्षारांचं प्रमाण वाढतं. त्या खारट अश्रूंनी डोळ्याच्या पृष्ठभागाला दाह होतो. दाहामुळे बुळबुळीत पदार्थ तयार करणाऱ्या पेशी मरतात, पडदा आणखी लवकर तुटतो आणि क्षार आणखी वाढतात. हे चक्र एकदा सुरू झालं की स्वतःहून थांबणं अवघड. म्हणून कोरड्या डोळ्यांच्या १९९५ मधल्या व्याख्येत नुसता अश्रूंचा तुटवडा आणि बाष्पीभवन होतं, तिथे २००७ च्या आंतरराष्ट्रीय अहवालाने दाह आणि क्षारता आणली, आणि २०१७ च्या अहवालाने नसांमधला बिघाडही कारणांमध्ये मोजला.

पायरी २ : आठवडाभर नोंद ठेवा

डॉक्टरांकडे जाण्याआधी एक आठवडा वहीत लिहा. त्रास कधी होतो, हे सगळ्यात महत्त्वाचं. सकाळी उठताना डोळे उघडत नाहीत, पापण्यांना चिकट चिपडं असतात, मग तासाभरात जरा बरं वाटतं? तर पुष्कळदा पापण्यांच्या कडांचा दाह असतो, किंवा झोपेत डोळे पूर्ण मिटत नसतात. (घरातल्या कुणाला तरी रात्री बघायला सांगा. आपलं आपल्याला हे कधीच कळत नाही.) सकाळी ठीक, पण दिवस कलताना डोळे जड होतात, जळजळतात, अक्षरं पुसट होतात आणि पापणी मिटल्यावर क्षणभर स्वच्छ दिसतात? तर पडदा टिकत नसण्याची शक्यता जास्त.

खूप खाज सुटत असेल तर ते वेगळं लिहा. कोरड्या डोळ्यांत खाज थोडी असू शकते, पण चुरचुर, वाळू गेल्यासारखं खुपणं आणि जळजळ ही त्याची खरी भाषा. भयंकर खाज असेल तर ॲलर्जीचा विचार करावा लागतो.

तुम्ही घेत असलेल्या सगळ्या औषधांची यादी करा, डोळ्यांशी संबंध वाटत नसला तरी. ॲलर्जीच्या गोळ्या, नैराश्यावरची काही औषधं, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, मुरुमांवरचं आयसोट्रेटिनॉइन, हे सगळं डोळे कोरडे करू शकतं. काचबिंदूचे थेंबही, विशेषतः त्यात टिकवण्यासाठी घातलेल्या रसायनामुळे. यातलं एकही औषध मनाने बंद करू नका. यादी दाखवा आणि पर्याय विचारा.

तोंडही कोरडं पडतं का? कोरडा घास गिळायला पाणी लागतं का? सांधे दुखतात का? हे नक्की सांगा. स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेन्रिक शोग्रेन यांनी १९३३ मध्ये डोळे आणि तोंड कोरडं पडणाऱ्या, आणि त्यातल्या अनेकींचे सांधेही दुखणाऱ्या १९ स्त्रियांचा अभ्यास मांडला. त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या या आजारात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथींवर उलटते. तो डोळ्यापुरता मर्यादित नसतो आणि रक्ततपासणीशिवाय कळत नाही. “तोंडाचं काय सांगायचं डोळ्यांच्या डॉक्टरांना,” असं म्हणून लोक गप्प बसतात आणि निदानाला वर्षं जातात.

रजोनिवृत्ती, मधुमेह, थायरॉइड, लेझरने नंबर काढण्याची शस्त्रक्रिया, कॉन्टॅक्ट लेन्स, रात्री लावायचं श्वासाचं यंत्र, यातलं काही असेल तर तेही वहीत येऊ द्या.

या लक्षणांत वाट पाहू नका

डोळा एकाएकी खूप दुखायला लागला, नजर अचानक कमी झाली, उजेड सहनच होत नाही, पू येतोय, किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसतोय, तर त्याच दिवशी दाखवा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांचा डोळा लाल होऊन दुखू लागला तर लेन्स लगेच काढा आणि जा. कोरडेपणा बहुधा दोन्ही डोळ्यांत असतो आणि सावकाश वाढतो. एकाच डोळ्यात वेगाने वाढणारं काहीही वेगळं असू शकतं.

पायरी ३ : तपासणीत काय होतं

अपॉइंटमेंट घेतानाच विचारा, थेंब किती तास आधी थांबवायचे. त्या दिवशी काजळ, मस्कारा नको, लेन्स नको. नाहीतर मोजमाप चुकतं.

आधी प्रश्न विचारतील. अनेक ठिकाणी १२ प्रश्नांची एक ठरावीक प्रश्नावली असते, तिचे गुण ० ते १०० मध्ये येतात. तो आकडा लिहून घ्या. पुढे सुधारणा झाली की नाही हे त्यावरूनच कळेल.

मग डोळ्यात पिवळसर-केशरी रंगाची पट्टी टेकवतात आणि निळ्या उजेडात पाहतात. पापणी न मिटवता पडदा किती सेकंदांत तुटतो, ते मोजलं जातं. १० सेकंदांच्या आत तुटला तर तो अस्थिर समजतात. याच रंगाने कॉर्नियावर खरचटल्यासारखे ठिपके दिसतात का, तेही कळतं. शिर्मर चाचणीत कागदाची बारीक पट्टी खालच्या पापणीत अडकवतात आणि पाच मिनिटांत ती किती मिलिमीटर भिजली ते पाहतात. ५ किंवा त्याहून कमी म्हणजे पाणी खरंच कमी आहे. ही चाचणी १९०३ पासूनची आहे, जराशी टोचते आणि दर वेळी तोच आकडा देईल असं नाही. म्हणून एकट्या तिच्यावर निदान ठरवत नाहीत.

आणि पापणी. तुमच्या तपासणीत कुणी पापणीच्या कडा पाहिल्याच नाहीत, ग्रंथी दाबून पाहिल्या नाहीत, तर नम्रपणे विचारा : “माझ्या तेलग्रंथी कशा आहेत?” काही ठिकाणी त्यांचा फोटोही काढतात. बंद पडलेल्या ग्रंथी हळूहळू झिजतात आणि झिजलेली ग्रंथी पुन्हा पूर्ववत होण्याची आशा फार कमी. म्हणून हा प्रश्न उशिरा विचारण्यापेक्षा आज विचारलेला बरा.

एक विसंगती माहीत असू द्या. काहींना असह्य त्रास होतो आणि तपासणीत विशेष काही दिसत नाही. काहींचा कॉर्निया ठिपक्यांनी भरलेला असतो आणि त्यांना काही जाणवत नाही. पहिल्या गटातल्या माणसांना “सगळं मनाचं आहे” असं ऐकावं लागतं, आणि ते चूक आहे. कॉर्निया हा शरीरातल्या सर्वाधिक नसा असलेल्या भागांपैकी एक आहे. नसाच बिघडल्या तर डोळा ओला असूनही दुखतो. त्याचे उपचार वेगळे असतात. दुसऱ्या गटातल्यांनी दुखत नाही म्हणून उपचार सोडू नयेत.

पायरी ४ : पापण्यांचा शेक, हा पाया

तेलग्रंथींचा दोष निघाला तर हे रोज करायचं. साचलेलं तेल घट्ट झालेलं असतं. ते वितळायला पापणी साधारण ४० अंश सेल्सिअसपर्यंत गरम व्हावी लागते आणि काही मिनिटं तशी राहावी लागते. बहुतेकांची चूक इथेच होते. गरम पाण्यात भिजवलेलं फडकं दोनेक मिनिटांतच निवतं, मग आपण कोमट फडकं डोळ्यावर धरून बसतो. फडकं वापरायचं तर सारखं बदलत राहा, नाहीतर उष्णता धरून ठेवणारा डोळ्यांचा मास्क घ्या. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा. तिथे चटका बसला तर पापणीलाही बसेल. ८ ते १० मिनिटं पुरेत.

शेक झाल्या झाल्या, पापणी गरम असतानाच, मिटलेल्या डोळ्यावर स्वच्छ बोटाने हलका हात फिरवा : वरच्या पापणीवर वरून खाली, खालच्या पापणीवर खालून वर, म्हणजे दोन्ही वेळा पापणीच्या केसांकडे. डोळ्याच्या गोळ्यावर जोर नको. मग पापण्यांसाठी मिळणाऱ्या पुसण्यांनी किंवा डॉक्टरांनी सांगितलेल्या द्रावणाने केसांच्या मुळाशी साचलेला कोंडा पुसून घ्या. केसांच्या मुळाशी नळीसारखा पारदर्शक कोंडा दिसत असेल तर डेमोडेक्स नावाच्या सूक्ष्म कीटकांची शंका घेतात. त्यावर वेगळे उपचार आहेत.

पहिले चार-पाच दिवस काहीच फरक वाटणार नाही. मला तिसऱ्या आठवड्यात सकाळी डोळे सहज उघडल्याचं जाणवलं. रोज करा, निदान पहिले दोन महिने तरी.

पायरी ५ : पापणी मिटण्याकडे लक्ष द्या

निवांत असताना आपण मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापण्या मिटतो. स्क्रीनकडे टक लावून पाहताना हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतं. शिवाय जेवढ्या वेळा मिटतो, त्यातल्या बऱ्याच वेळा पापणी अर्ध्यातूनच परत जाते. तेल डोळ्यावर पसरतं ते दोन्ही पापण्या एकमेकींना टेकल्यावर. म्हणून तासातून दोन-तीनदा मुद्दाम करा : डोळे सावकाश मिटा, दोन सेकंद थांबा, उघडा, पुन्हा मिटा, हलकेच आवळा, उघडा. पाच-सहा वेळा.

स्क्रीन नजरेच्या रेषेपेक्षा खाली ठेवा. वर पाहताना डोळा जास्त उघडा राहतो आणि जास्त पाणी उडतं. पंखा, एसी, गाडीतला झोत थेट चेहऱ्यावर नको. बाहेर कडा झाकणारा चष्मा वापरा. धूम्रपान सोडा, दुसऱ्याच्या धुरातही बसू नका.

पायरी ६ : थेंब निवडणं

कृत्रिम अश्रूंच्या बाटल्यांवर नावं वेगवेगळी असली तरी आतले घटक थोडेच आहेत : कार्बोक्सिमिथाइलसेल्युलोज, हायप्रोमेलोज, सोडियम हायलुरोनेट, पॉलिएथिलीन ग्लायकॉल वगैरे. पाण्याचा तुटवडा असेल तर यातला कुठलाही सुसह्य थेंब चालतो. तेलाचा दोष असेल तर ज्यात तेलाचा अंश मिसळलेला आहे, तो विचारून घ्या. दाट जेल जास्त वेळ टिकतं, पण काही मिनिटं धूसर दिसतं. मलम तर फक्त झोपतानाच.

बाटली उलटी करून तिच्यात टिकवण्यासाठी काय घातलंय ते वाचा. बेन्झाल्कोनियम क्लोराइड हा जुना आणि स्वस्त घटक आहे, पण तो वारंवार गेला तर डोळ्याच्या पृष्ठभागालाच इजा करतो. दिवसात चारपेक्षा जास्त वेळा थेंब लागत असतील तर असा घटक नसलेले थेंब घ्या. ते महाग पडतात, तरी मी इथे काटकसर करू नका असंच सांगेन.

लाली घालवणारे थेंब मात्र टाळा. ते रक्तवाहिन्या आवळून डोळा पांढरा दाखवतात, असर उतरला की लाली दुप्पट होऊन येते, आणि कोरडेपणा तसाच राहतो. नळाचं पाणी, मध, तेल, घरी काढलेले अर्क यातलं काहीही डोळ्यात घालू नका. ते निर्जंतुक नसतं.

घालायची पद्धत : हात धुवा, मान मागे टाका, खालची पापणी ओढून खळगा करा आणि त्यात एकच थेंब सोडा. डोळ्यात एका थेंबाहून जास्त मावतच नाही, दुसरा गालावर जातो. बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका. मिनिटभर डोळे मिटून ठेवा. दोन वेगवेगळे थेंब असतील तर मधे ५ ते १० मिनिटं जाऊ द्या, मलम सगळ्यात शेवटी. त्रास सुरू व्हायची वाट न पाहता ठरल्या वेळी घाला.

पायरी ७ : एवढ्याने भागलं नाही तर

इथून पुढचं सगळं डॉक्टरांच्या हातात. तरी प्रत्येक उपचार कशासाठी आहे हे ठाऊक असलेलं बरं.

दाह जोरात असेल तर स्टेरॉइडचे थेंब थोड्या आठवड्यांसाठी देतात. त्याने फार लवकर बरं वाटतं, आणि धोकाही त्यातच आहे. जुन्या चिठ्ठीवर तेच थेंब पुन्हा पुन्हा आणून वापरले तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही. ठरवून दिलेले दिवस संपले की थांबा.

लांब पल्ल्यासाठी दाह आटोक्यात ठेवणारे सायक्लोस्पोरिनचे थेंब असतात. अमेरिकेत त्यांना २००२ मध्ये मान्यता मिळाली. ते घातल्यावर चुरचुरतं आणि पूर्ण असर यायला तीन ते सहा महिने लागतात. महिन्याभरात “काही उपयोग नाही” म्हणून सोडणारे खूप आहेत. कृपा करून तसं करू नका. २०१६ मध्ये तिथेच दाहावरचेच लिफिटेग्रास्टचे थेंब आले, २०२१ मध्ये नाकात मारायचा व्हॅरेनिक्लिनचा फवारा (नाकातल्या नसांमार्फत तो अश्रू वाढवतो, शिंका मात्र येतात), आणि २०२३ मध्ये बाष्पीभवन रोखणारा परफ्लुओरोहेक्सिलऑक्टेन. हे सगळे प्रत्येक देशात मिळतातच असं नाही. पापण्यांच्या दाहासाठी डॉक्सिसायक्लिन किंवा ॲझिथ्रोमायसिन देतात. ही प्रतिजैविकं आहेत, पण इथे ती मुख्यतः दाह कमी करण्यासाठी असतात.

पाणी कमी असणाऱ्यांसाठी अश्रू वाहून नेणाऱ्या छिद्रांना बूच लावतात. प्रत्येक पापणीच्या नाकाकडच्या टोकाला एक बारीक छिद्र असतं, तिथे छोटंसं प्लग बसवलं की आहेत ते अश्रू डोळ्यात जास्त वेळ राहतात. आधी विरघळणारं लावून पाहतात, मग सिलिकोनचं. दाह आटोक्यात नसताना प्लग लावला तर दाह वाढवणारे अश्रूच डोळ्यात कोंडले जातात, म्हणून हा क्रम महत्त्वाचा.

तेलग्रंथींसाठी पापणी आतून तापवून दाबणारी यंत्रं आहेत, आणि तीव्र प्रकाशाचे झोत वापरणारी पद्धत आहे. प्रकाशाच्या उपचारात सावळ्या त्वचेवर डाग पडण्याचा धोका जास्त, तेव्हा आपल्या त्वचेला तो चालेल का हे आधी विचारा. दोन्ही महाग आहेत आणि घरचा शेक त्यानंतरही चुकत नाही. फारच गंभीर आजारात स्वतःच्या रक्तापासून बनवलेले सीरमचे थेंब, किंवा कॉर्नियावर द्रवाचा साठा धरून ठेवणाऱ्या मोठ्या स्क्लेरल लेन्स लावतात. ज्यांना काहीच लागू पडत नव्हतं अशांनाही यांनी आराम मिळाला आहे.

ओमेगा-३ च्या गोळ्यांबद्दल सगळेच विचारतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ५३५ रुग्णांपैकी काहींना वर्षभर रोज ३ ग्रॅम ओमेगा-३ आणि बाकीच्यांना ऑलिव्ह तेल दिलं. दोन्ही गटांना बरं वाटलं, पण दोघांत लक्षणीय फरक नव्हता. मी या गोळ्यांवर पैसे घालत नाही. तो खर्च चांगल्या थेंबांवर करते.

पायरी ८ : पुढच्या भेटी

पहिली फेरतपासणी सहसा चार ते सहा आठवड्यांनी होते. वही न्या, वापरात असलेल्या सगळ्या बाटल्या न्या, आणि पहिल्या वेळचा प्रश्नावलीचा आकडा न्या. एका वेळी एकच उपचार बदलायला सांगा, म्हणजे कशाने फरक पडला ते कळेल.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया किंवा लेझरने नंबर काढणं ठरत असेल तर त्या डॉक्टरांना कोरडेपणाबद्दल आधी सांगा. पडदा अस्थिर असताना घेतलेली मापं चुकतात आणि बसवायच्या भिंगाचा नंबर त्यांच्यावरच ठरतो. काही आठवडे उपचार करून मापं पुन्हा घेतात, त्यासाठी तारीख पुढे गेली तरी जाऊ द्या. आणि उघडलेल्या प्रत्येक बाटलीवर उघडल्याची तारीख लिहून ठेवा. बऱ्याच बाटल्या महिन्याभरात टाकून द्यायच्या असतात, एकदाच वापरायच्या नळ्या तर त्याच दिवशी.